दोन निबंध, एक शेवट

आमच्या समोरच्या दारातल्या मुलीला मी 'तपासनीस' म्हणते. लिफ्टमधली सूचना वाचतानाही ती ओठ हलवत चुका काढते. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रंथालयामागच्या खोलीत बसून पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध सुधारायला मदत करते. त्या खोलीचा नियम एकच : ज्याचा निबंध, पेन्सिल त्याच्याच हातात. मदत करणाऱ्याने नुसतं विचारायचं, "इथे तुला काय म्हणायचंय?" वाक्य सांगायचं नाही. मी म्हटलं, "म्हणजे स्वयंपाक येत असून नुसतं मीठ पुरेसं आहे का ते विचारायचं!" तेव्हा हसली होती.

परवा शनिवारी दुपारी मात्र आईची नजर चुकवून आमच्याकडे आली. तोंड एवढंसं.

"काकू, कुणाला सांगणार नसाल तर सांगते."

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून आलीस म्हणजे प्रकरण मोठं दिसतंय. बोल."

निबंधाचा विषय होता, घर सोडल्यानंतरचे दिवस. जमा करायच्या दिवशी सकाळी एक मुलगी रडतच आली, शेवट सुचत नाही म्हणून. हिला राहवलं नाही. "लिही," म्हणाली, "घर मागे राहत नाही, ते आपल्या आवाजात राहायला येतं." मुलीने लिहिलं, डोळे पुसून पळाली. तासाभराने एक मुलगा आला. विषय तोच, रड तीच. डोकं शिणलेलं, हिच्या तोंडून वाक्यही तेच निघालं! हिला पत्ताच नाही. निबंध तपासताना प्राध्यापकबाईंना लागला.

"आणि ती दोघं काय म्हणतात?"

"वाक्य माझंच, असं दोघंही म्हणतायत. माझं नाव कुणीच घेतलं नाही."

"मग सुटलीस की!" मी चिमटा काढला.

"कसली सुटले? सोमवारी दहाला बोलावलंय त्यांना. नक्कल ठरली तर दोघांचेही निबंध रद्द, म्हणजे विषयात नापास. ती एकमेकांकडे चोर म्हणून बघतायत, आणि खरी चोर इथे बसून तुमचा चहा पितेय."

"मग जाऊन सांग ना सरळ."

"सांगितलं की ती खोली गेली. काकू, वर्गात मला कुणी ओळखत नाही. त्या टेबलाशी बसले की मी कुणीतरी असते."

यावर विनोद करायचा सोडून मी तिचा कप पुन्हा भरला, आणि हे माझ्या बाबतीत गंभीर लक्षण आहे.

रविवारभर तिच्या येरझारा बंद दारातूनही ऐकू येत होत्या. तिच्या हातून दूध उतू गेलं, कुकर करपला. तिची आई जिन्यात मला गाठून कुजबुजली, "अहो, हिचं कुठे जुळलंय का? जेवत नाही, बोलत नाही." मी मान हलवली. होही नाही, नाहीही नाही. घशाशी आलेली बातमी गिळली, ती दिवसभर टोचत राहिली.

सोमवारी ती साडेनवालाच बाईंच्या दाराशी उभी होती. हे तिनेच मला संध्याकाळी सांगितलं. आत जाऊन एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. "वाक्य चांगलं आहे," म्हणाल्या, "पहिल्या वर्षाचं वाटलं नाही, म्हणून तर नजरेत भरलं." नक्कल केल्याचा ठपका पुसला गेला. दोघांनी दहाला येऊन तिथेच, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून, शेवट नव्याने लिहायचा. आणि हिने वर्ष संपेपर्यंत ग्रंथालयामागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

ती बाहेर बाकावर बसून राहिली. आत पेनं चालत होती की थांबली होती, काही कळेना. चाळीस मिनिटांनी मुलगा बाहेर आला आणि हिच्याकडे न बघता निघून गेला. मग मुलगी आली, थांबली, शेवटाचा कच्चा खर्डा छातीशी धरून.

"ताई, या वेळी मी माझं मीच लिहिलं. बरं झालंय का, ते आता कुणाला विचारू?"

हिचा हात कागदाकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला.