पहिली शेवई गोजरबाईची

तुमच्या घरच्या लग्नातल्या शेवयांचं पीठ कुणी मळलं होतं, सांगता येईल? न्हाई येणार. खाताना कुणी इचारतच न्हाई. मग झरीच्या गोजरबाईची गोष्ट ऐकाच.

गोजरबाईचा नवरा पूर्णेला रेल्वेत होता. लग्नाच्या चौथ्या वर्षी तो गेला आणि ती भावाच्या, बन्सीधरच्या घरी परत आली. त्याला आता तीसेक वर्षं झाली. तेव्हापासून झरीत कुणाकडंही शेवयांचा पाट निघाला की हिला मागच्या दारानं बोलावणं. गहू ओलवायचा, सुकवायचा, दळून आणायचा, सपीट चाळायचं, मिठाच्या पाण्यात पिठाचा उंडा मळून तो तिंब तिंब तिंबायचा. सगळं हिनंच. मग उंड्यावर बोट दाबून ती सांगायची, अजून तासभर झाका. तिचं बोट कधी चुकलं न्हाई.

पण लग्नघरच्या शेवयांचा मुहूर्त पाच सवाष्णींनी करायचा. त्या वेळेला गोजरबाईनं उठून चुलीमागं जायचं. म्हणजे बघा, विधवेच्या हातानं ओलवलेला गहू चालतो, चाळलेलं सपीट चालतं, तिंबलेला उंडा चालतो. तोवर देव घोरत पडलेला असतो. पहिली शेवई पाटावरून घसरायला लागली की मात्र तो खडबडून उठतो आणि बायांची कपाळं तपासत फिरतो! लय कामाचा माणूस.

यंदा लग्न राणीचं होतं. राणी बन्सीधरची लेक. आई कस्तुराबाई दिवसभर रानात, त्यामुळं पोर आत्याच्याच मांडीवर वाढली. गोजरबाईनं उभ्या जन्मात या घराकडं काही मागितलं नव्हतं. यंदा तिनं भावजयीला एकदाच बोलून दाखवलं, की राणीच्या रुखवतातली पहिली शेवई माझ्या हातची असू दे. कस्तुराबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मुहूर्त निघाला त्याच दिवशी सकाळी साडेनऊचा.

गोजरबाई म्हणाली, उंडा पहाटे मळलाय, दुपारशिवाय तार धरायचा न्हाई. कस्तुराबाईनं ऐकवलं, मुहूर्त काय उंड्यासाठी थांबत नसतो.

पुढच्या वसरीवर तिरप्या मांडलेल्या पाटाच्या डोक्याशी बसवली मंजुषाला. ही कस्तुराबाईची भाची, परभणीहून आलेली. कोपरापर्यंत मेंदी, अंगावर भाड्याची पैठणी. घरी शेवया पाकिटातल्या आणते, पण सवाष्ण हाय ना, मग झालं. तिनं उंडा पाटावर घासला. शेवई वीतभर आली आणि तुटली. दुसरीही तुटली. पाचही जणींनी हात लावून पाहिला. खालच्या ताटात नुसता चुरा. वसरीवरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मुहूर्ताची शेवई तुटली म्हणजे पोरीच्या संसाराचं काय, हेच सगळ्यांच्या मनात. शेजारची नर्मदाबाई हळूच पुटपुटली, उंड्यावर कुणाची तरी सावली पडली असंल.

सावली म्हणे. अख्खा उंडा जिच्या मुठींनी तिंबला, तिची सावली हुडकायलेत.

दुपारी जेवणं उरकल्यावर कस्तुराबाई चुलीपाशी आली. आवाज अगदी खाली.

"वन्सं, हितं मागंच बसून तेवढ्या वळून द्या. भाईर कुणाला कळू देत न्हाई मी."

"मुहूर्ताला माझं तोंड नको, आन् तुटल्यावर हात पायजे व्हय?" गोजरबाईनं मान वर केली न्हाई. "पाट वसरीवरच राहू दे, कस्तुरा. चौघींदेखत बसून वळते. न्हाईतर दुकानातून पाकीट आणा."

कस्तुराबाईनं गळ घातली, डोळ्याला पदर लावला, पण बाहेर चला एवढे दोन शब्द काही तोंडातून निघेनात. दारात उभ्या राणीनं सगळं ऐकलं होतं.

"आई, आत्या वसरीवर बसली तरच रुखवत मांड. न्हाईतर मी मोकळ्या हातानं नांदायला जाते."

आणि तिनं आत्याचं मनगट धरून तिला उठवलं.

गोजरबाई वसरीवर आली तशा तिथल्या बायांतल्या दोघी उठून गेल्या. जाऊ द्या. नर्मदाबाईही चपला हुडकायलीच होती. तेवढ्यात गोजरबाईनं उंड्यावर बोट दाबलं, हाताला तेल लावलं आणि तळवा पाटावरून फिरवला. शेवई निघाली ती निघतच राहिली, केसासारखी बारीक, पाटावरून खाली, खाली बसलेल्या राणीच्या हातावर. नर्मदाबाई एका पायात चप्पल घालून तिथंच उभी राहिली. यात चमत्कार काही नव्हता. दुपार झाली होती, उंडा मुरला होता. त्या दिवशी वळलेल्या शेवया काठ्याच्या काठ्या भरून वाळत पडल्या आणि त्याच रुखवतात गेल्या.

तुमच्याही घरात, गल्लीत, अशी एखादी चुलीमागं बसवलेली असंलच. येत्या उन्हाळ्यात पाट निघाला की तो उचला आणि तिच्यापुढं नेऊन मांडा. पहिली शेवई तिलाच वळू द्या, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागत बसू नका.