कुंदाताईंची पट्टी

लोखंड जळत नाही, मग आगीचं त्याला काय भय, असं तुम्हालाही वाटतं का? कुंदाताई म्हात्रे ओळख झाली रे झाली की हा प्रश्न विचारायच्या. समोरचा "हो" म्हणाला की त्यांच्या पर्समधून पत्र्याची एक पट्टी निघायची, पांढरट खरबरीत लेप लावलेली. बोलता बोलता त्या ती अंगठ्याने वाकवायच्या, सरळ करायच्या, उजेडात धरून तडा शोधायच्या. बसच्या रांगेत, बारशाला, एकदा तर कुणाच्या तेराव्यालासुद्धा.

होळी गावच्या बागायतदार घरातल्या कुंदाताई रसायनशास्त्र शिकल्या आणि नव्वदच्या दशकात रंगकंपनीतली नोकरी सोडून गोखिवऱ्याला गाळा घेऊन बसल्या. इमारतींच्या लोखंडी खांबांना लावायचा लेप त्या बनवायच्या. मी शेजारच्या चाळीतली. कॉलेज सुटलं की तिथेच. पट्टी गॅसवर धरली की लेप भाकरीसारखा फुगायचा, त्याचा जाड काळा फेस व्हायचा आणि आतल्या लोखंडाला आच उशिरा पोचायची. "जळत नाही गं ते, मऊ पडतं," त्या म्हणायच्या. "आणि वर माणसं असतात."

लेप वाकलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. खांब तापतो, निवतो, थोडा हलतो. कडक लेपाला तडा गेला की आग तिथूनच शिरणार. "केळीचं पान विस्तवावरून फिरवल्याशिवाय आई त्यात काही गुंडाळायची का? फाटेल ना ते." स्वभावाने मात्र त्या भांडखोर. आपल्या लेपाचं कौतुक त्यांना पुरेसं वाटेल एवढं कुणी कधी केलंच नाही.

त्यांचे थोरले भाऊ, वसंतदादा, बोळिंजच्या एका लग्नाच्या हॉलच्या समितीचे अध्यक्ष होते. वरचा मजला लोखंडी खांबांवर उभा, आणि खांबांना ताईंचाच लेप. दादांच्या मुलीचं लग्न तिथेच ठरलं. खरबरीत खांब फोटोत वाईट दिसतील म्हणून दादांनी लेप खरवडून काढला आणि चकचकीत ऑइलपेंट मारला. कुंदाताईंनी हे पाहिलं थेट लग्नाच्या सकाळी. खाली आचाऱ्याच्या भट्ट्या पेटलेल्या आणि पंगत वरच्या मजल्यावर. ठेवणीतला शालू नेसलेल्या कुंदाताई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि कुणाला वर जाऊ देईनात. दादा ओरडले, वहिनी रडल्या, वरमाय रुसली. शेवटी पंगत अंगणात मांडावी लागली. दादांनी चारचौघांत सांगितलं, "आता माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. दादांना 'खुनी' म्हणणारं पत्रक लिहून दुसऱ्याच दिवशी गाळ्यात नेलं. कुंदाताईंनी तो शब्द खोडला.

"कडक झालंय हे. दादाला मागे फिरायला जागा ठेव. खांब त्याच्याच ताब्यात आहेत."

मी चिडले. अन्यायाला अन्याय म्हणायचंच नाही का?

"म्हण की. लेप खरवडला, हे ठळक छाप. त्यातलं अक्षर कमी करू नकोस."

तसंच छापलं, बोळिंजभर वाटलं. पावसाळा संपल्यावर दादांचा निरोप आला, खांबांना पुन्हा लेप लावायचाय. ताई स्वतः गेल्या. काम होईपर्यंत दादा पाठ करून खुर्चीत बसले होते. शेवटी त्यांनी टोमणा मारलाच.

"काय, लागली का आग?"

"नाही लागली. बरं झालं," ताई म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

आग त्या हॉलला कधीच लागली नाही. आपण बरोबर होतो याचा पुरावा ताईंना मिळाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही. भावाबहिणीचं बोलणं मात्र तेवढ्यावरच थांबलं. काही वर्षांनी ताई आजारात गेल्या. मी होळी गावी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओटीवर दादा एकटेच बसले होते, हातात ती पट्टी. अंगठ्याने वाकवत होते, सरळ करत होते. मग उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"नाही तडकली," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या लग्नाला जाल तेव्हा पंगतीला बसण्याआधी हॉलच्या खांबांना हात लावून बघा. लोखंडी असतील तर विचारा, आगीपासून राखणारा लेप कुठे आहे? तो कुणी खरवडताना दिसला तर त्याला थांबवा. आणि तो ऐकेना, तर जिन्यात बसा.