गुलाबाला अडकित्ता

अंगणातला गुलाब मी अडकित्त्याने छाटला.

छाटणीची कात्री शोधायला माळ्यावर चढावं लागलं असतं आणि अडकित्ता खिशातच होता. सुपारी कापतो, तर फांदी का नाही? कापली. कडकन आवाजही छान आला.

गुलाब साधा नव्हता. बायकोने तो सारंगखेड्याहून, माहेरच्या झाडाची फांदी आणून लावलेला. सासूबाई गेल्या, पुढे तिथे नवं घर झालं आणि मूळचं झाड स्लॅबखाली गेलं. उरला तो आमच्या दारातला. वर्षाचा गुलकंद त्याच्यावरच.

आठवड्यात कापलेली टोकं काळी पडली आणि काळेपणा खाली सरकू लागला. मी नखं काढावीत तसा रोज काळा तेवढाच तुकडा उडवायचो, त्याच अडकित्त्याने, आणि तुकडे खत होतील म्हणून बुंध्याशी टाकायचो. बायकोने विचारलं की उन्हाकडे बोट दाखवायचो. नंदुरबारचं ऊन बिचारं काही बोलत नाही.

पाचातल्या तीन फांद्या वाळल्यावर तिने भावाला फोन लावला. मेहुण्याची केळीची शेती. तो म्हणाला, "मोरचूद आणि चुना कालवून लावा." मोरचुदासाठी बाजारात जावं लागलं असतं. चुना माझ्या डबीत होता.

रविवारी मेहुणा स्वतःच आला. पांढऱ्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "आठे काय लायं, दाजी?"

"चुना."

"पानना?"

मी डबी खिशात सारली.

"झाडले पान खावाडी ऱ्हायनात का?"

मग त्याने माझा अडकित्ता मागितला, हुंगला आणि बहिणीच्या हातात दिला. फांदीचं टोक असं चेंगरलं की बुरशीला दार उघडंच, आणि तेच पातं पुसल्याशिवाय दुसऱ्या फांदीला लावलं की रोग घरपोच, असं त्याने तिला सांगितलं. मला नाही, तिला. धारदार कात्री दर वेळी स्पिरिटने पुसत तो काळ्याच्या खाली, आतला गाभा हिरवट पांढरा दिसेपर्यंत कापत गेला. बुंध्याशी पडलेलं माझं 'खत' जाळलं. कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावला. झाड उरलं वीतभर, एकाच फांदीचं. बायको त्याच्याजवळ नुसती बसून राहिली. त्या दिवशी मी सुपारी मागितली नाही.

तीन आठवड्यांनी त्या फांदीला तांबूस कोंब फुटला. तिने हाक मारून दाखवला. मी कौतुकाने बोट पुढे केलं, तर तिने मनगटच धरलं.

"दूरथीन दखा. रोग गया, पन तुम्ही आजून आठेच शेतस."