माझ्या नावाचा फॉर्म

त्या आठवड्यात मी बायकोला दोनदा मारलं. सोमवारी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून स्टीलचा डबा फेकला. तिच्या भुवईला तीन टाके पडले. गुरुवारी तर कारणही नव्हतं. केस धरून तिचं डोकं फ्रिजवर आपटलं आणि मग माझ्याच छातीत धडधडायला लागलं. तपासणी अर्थात माझी झाली. आमच्या घरचा न्यायच तसा होता.

ईसीजी व्यवस्थित निघाला. डॉक्टरांनी बिबवेवाडीतल्या एका मानसोपचार क्लिनिकला पाठवलं. तिथल्या मॅडमनी छापील फॉर्म दिला. हात थरथरतात, श्वास कोंडतो, काहीतरी भयंकर घडेल असं वाटतं, अशी वीस-एक वाक्यं. प्रत्येकापुढे शून्य ते तीन आकडे. शून्य म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे असह्य.

"बाहेर बसून स्वतः भरा," त्या म्हणाल्या.

स्वतः! बँकेचा, गॅसचा, पोरीच्या शाळेचा, आमच्याकडे कुठलाही फॉर्म बायको भरते; मी फक्त सही ठोकतो. सवयीने कागद शेजारी बसलेल्या तिच्याकडे सरकवला आणि मोबाइलवर मॅच बघत बसलो. तिने परत दिल्यावर न वाचता सही केली.

आम्ही दोघं आत गेल्यावर मॅडमनी बेरीज केली आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हे फारच जास्त आहे. आपल्याला एवढी भीती कशाची वाटते?"

"भीती? मला?" मला हसूच आलं.

त्यांनी वाचून दाखवलं. हात थरथरतात, तीन. जीव जाईल असं वाटतं, तीन. शेवटी 'हा त्रास केव्हा होतो?' यापुढे बायकोच्या अक्षरात होतं: संध्याकाळी गाडीचा आवाज आला की.

माझं डोकं फिरलं. टेबलावर मूठ आपटून मी ओरडलो, "काय लिहिलंस हे? अक्कल गहाण टाकलीस का?"

बायकोने दोन्ही हात डोक्यावर धरले. मॅडम उठून आमच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"वाचत गेले, भरत गेले," हातांखालून ती म्हणाली. "यांचा फॉर्म आहे हे विसरूनच गेले."

मला बाहेर बसवून मॅडम तिच्याशी बराच वेळ बोलल्या. भावाकडे जा म्हणाल्या असणार. ती मात्र माझ्याच गाडीवर मागे बसून धायरीला घरी परत आली. सबंध रस्ताभर तिने माझ्या खांद्याला हात लावला नाही.

मला लाज वाटली. पहिल्यांदाच, आणि फार उशिरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला आवाज नको म्हणून गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद केली, ढकलत आणली. हळूच किल्लीने दार उघडून स्वयंपाकघरात तिच्या मागे उभा राहिलो. ती वळली आणि किंचाळली. हातातलं पातेलं सुटलं, उकळतं वरण तिच्या पायांवर सांडलं. मी पुढे झालो तशी ती ओट्याला चिकटली.

"आवाज करून येत जा हो," ती म्हणाली. "तेवढ्यात पोरीला शेजारी पाठवता येतं."