गावाला चालेल

मुंबईच्या माणसांना एखादी वस्तू फेकवत नाही आणि घरात ठेववतही नाही, तेव्हा त्यांना गाव आठवतं. आमच्या धाकट्या दिरांना ते दरवर्षी गणपतीच्या तोंडावर आठवायचं. अंगणात टेंपो यायचा आणि पाठोपाठ फोन. "वहिनी, सोफा पाठवलाय गो. एक पाय जरा हलतो, पण गावाला चालेल."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं कौलारू घर. राहणारे आम्ही दोघंच. नवरा महाडच्या एमआयडीसीत पाळीवर, मी पोलादपूरला पतसंस्थेत. घर झाडायचं आम्ही, पावसाआधी कौलं चाळून फुटकी बदलायची आम्ही आणि सामान मात्र मुंबईचं. ओटीवर तो सोफा, पायाखाली वीट. काच गेलेलं शोकेस. थंड न करणारा फ्रिज, त्यात मी गोधड्या ठेवायचे. खिडकीच्या अर्ध्यावरच संपणारे पडदे. समोरच्या भिंतीवर दिरांच्या कुटुंबाचा महाबळेश्वरला काढलेला भलामोठा फोटो. पूर्वी ओटीवर फणसाच्या लाकडाचं बाक होतं. सोफ्याला जागा हवी म्हणून दिरांनी ते परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं.

घरात माणसं महत्त्वाची, वस्तूंचं काय, असं लोक म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरात सहसा चांगल्या वस्तू असतात. दुसऱ्याने टाकलेल्या सामानात रोज उठबस केली की आपणही टाकलेल्यांतलेच आहोत असं वाटायला लागतं. कामावर मी कुणाचं ऐकून घेत नाही. घरी कुणी आलं की मात्र दारातच उभी राहून बोलायचे आणि अंगणातूनच वाटेला लावायचे.

एकदा बचत गटाच्या बायका आल्या. बाहेर धो धो पाऊस, आत घ्यावंच लागलं. सोफ्याच्या रेक्झिनवर पांढरी बुरशी धरली होती. एक बाई बसली आणि उठली तेव्हा तिच्या साडीला मागे पांढरा डाग.

"अगो, त्यावर काय बसतेस," शेजारीण म्हणाली. "मुंबईच्या साहेबांचा हाय तो. वासपण साहेबांचाच येतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ते माझं हसणं मला आठवडाभर झोंबत राहिलं.

नवऱ्याला सांगितलं, हे सगळं मागच्या खोलीत जाणार.

"भावाला वाईट वाटेल," तो म्हणाला.

"आणि मला वाटतं ते?"

मी उत्तराला थांबले नाही. सगळं सामान मागच्या खोलीत नेलं. मुंबईची मंडळी आली की त्याच खोलीत उतरतात. महाडहून रंग आणून ओटी फिकट पिवळी केली. वरंधच्या सुताराकडून बाक आणि दोन खुर्च्या करून घेतल्या. पडदे आमच्या खिडक्यांच्या मापाचे, मीच शिवलेले. फोटोची भिंत मोकळी ठेवली. मग दिरांना फोन करून सांगितलं, यंदा टेंपो पाठवू नका.

गणपतीला ती मंडळी आली. जाऊबाईंनी ओटीवर पाऊल ठेवलं आणि म्हणाल्या, "अय्या ताई, एकदम मस्त केलंय! पण आमचा सोफा कुठे गेला?"

मी मागची खोली उघडून दाखवली. धुतलेल्या चादरी घातल्या होत्या, सामान नीट लावलं होतं, फोटोही टांगला होता. बुरशी पुसून काढली होती, पण कोकणातल्या पावसात ती चार दिवसांत परत येते, त्याला मी काय करणार?

"इथे झोपायचं?" जाऊबाईंनी ओढणी नाकाला लावली. "ताई, हा स्मेल बघा ना. मुलीला अॅलर्जी आहे."

"सगळं तुमच्याच घरचं आहे. परकं वाटणार नाही."

दीर लाल झाले. "हा अपमान हाय, वहिनी. आम्ही प्रेमाने पाठवत होतो."

"भावोजी, प्रेमाने एखादी नवी वस्तूही पाठवता येते."

"घर काय तुझ्या एकटीचं हाय? अर्धं माझं हाय. ओटीवर माझी एक वस्तू ठेवायला तुला जड होते?"

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसा हा सोफा होता. बसायला नव्हे, जागा धरायला. इतकी वर्षं मी त्यांचा रुमाल झाडत-पुसत बसले होते.

माझा नवरा भावासमोर सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "अर्धं तुझं हाय, नाय कोण म्हणतो? ही खोली तू घे. तुझ्या बाजूची कौलंपण तूच चाळ."

आमचा गणपती पाच दिवसांचा. ती मंडळी गौरी यायच्या आधीच निघून गेली. जाताना दिरांनी मागच्या खोलीला नवं कुलूप घातलं आणि किल्ली मुंबईला नेली. वाडीत बोलणं झालं की हिने भावाभावांत फूट पाडली. पाडली, बरं. फूट होतीच, तिच्यावर सोफा ठेवलेला होता. आणि असं बोलणाऱ्या बायका आता माझ्या ओटीवर येऊन बसतात, चहा संपला तरी उठत नाहीत. मला ते चालतं. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसते. दारात उभी राहत नाही.

यंदा जुलैत पाऊस आठ दिवस उघडला नाही. दिरांचा फोन आला. वर्षभरात पहिलाच.

"वहिनी, मागे गळत तर नाय ना? जरा दार उघडून वारा लागू दे."

"किल्ली तुमच्याकडे आहे, भावोजी."

"मग कुलूप तोड ना गो."

"तुमचं कुलूप मी तोडू? उद्या म्हणाल, वहिनीने खोली बळकावली. गणपतीला या आणि तुम्हीच उघडा."

ते म्हणाले, "बघतो, जमतं का."

"बघा," म्हटलं आणि फोन ठेवला.