तिसऱ्यांदा विचारल्यावर

ऑस्ट्रियात गेल्यावर पहिले अठरा दिवस मी उपाशी होते, आणि त्यात ऑस्ट्रियाचा काडीचाही दोष नव्हता.

दोष द्यायचाच तर आजीच्या शिकवणुकीला द्यावा लागेल. आम्ही कलकत्त्याचे मराठी. आजोबा पोर्टातल्या नोकरीसाठी खिदिरपूरला आले, पुढे बेहालाला घर बांधलं आणि आम्ही तिथलेच झालो. मी भांडते बंगालीत, अभ्यास करते इंग्रजीत आणि माझं मराठी ऐकून पुण्याची मावशी कपाळाला हात लावते. पण जेवणाच्या बाबतीत आजीने मला पक्की मराठी केलं होतं.

“कुणाकडे गेलं की पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको’ म्हणायचं,” ती सांगायची. “हावरटासारखं ताट पुढे करायचं नाही! दुसऱ्यांदा विचारलं की ‘पोट अगदी भरलं’ म्हणायचं. तिसऱ्यांदा वाढतातच. मग निमूट खायचं, आणि पानात टाकायचं नाही.”

हे सगळं जमायचं, कारण समोर आग्रह करणारे असत. आमच्या आजोबांचा तर आग्रहात कुणी हात धरला नसता. त्यांच्या ऑफिसातले एक घोषबाबू एकदा आमच्याकडे जेवले. सहा पुरणपोळ्या झाल्यावर ते हात जोडून उठले, बूट घातले, रिक्षात बसले. आजोबा सातवी घेऊन रिक्षापर्यंत गेले! (घोषबाबूंनी ती खाल्ली. पुन्हा मात्र ते आमच्याकडे फक्त चहालाच आले.)

आजोबा गेले आणि त्यानंतर आजी खंगायला लागली. वर्षभरात तिचे ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, “काही आजार नाही. खायला घाला.” आम्ही घालत होतो की! आई रोज विचारायची, “आई, अजून एक पोळी?” आजी म्हणायची, “नको ग, भूक नाही.” आई पोळ्यांचा डबा बंद करायची. आणखी काय करणार?

त्यातच मी अकरावीत असताना शाळेकडून माझी निवड झाली. जर्मन शिकणाऱ्या मुलींतून एकीने आठ आठवडे ऑस्ट्रियात एका कुटुंबात राहायचं आणि त्याच आठ आठवड्यांत त्यांच्या मुलीने आमच्या घरी. दुर्गापूजेची सुट्टी संपली की निघायचं, नाताळाआधी परत. मी आनंदाने नाचले. आई म्हणाली, “आजीची तब्येत बघतेस ना? तिचा तुझ्यावर जीव. तू गेलीस तर आहे तेही खायची नाही.”

निकाल आजीनेच लावला. मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. “तू तिकडे पोटभर जेव, मी इकडे जेवेन. रोज फोनवर खरं सांगायचं. तू उपाशी, तर मी उपाशी. घे माझ्या गळ्याची शपथ.”

मी शपथ घेतली. आजीने जगावं म्हणून मी फक्त जेवायचं होतं. यापेक्षा सोपं काम मला जन्मात कुणी सांगितलेलं नाही.

ग्राझपासून तासाभरावरच्या एका गावात बिर्गिट आणि योहान राहत. बिर्गिट दवाखान्यात नर्स, योहान सुतार. दोघंही अत्यंत सज्जन. (त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची होती! मी पहिले चार दिवस खाकरून काम भागवलं, मग ‘बिर्गिटकाकू’ म्हणायला लागले.) त्यांची मुलगी क्लारा तोवर बेहालाला पोचली होती आणि माझ्या पलंगावर, आजीच्या खोलीत झोपत होती.

पहिल्या दुपारी शाळेतून आले तर टेबलावर बटाट्याचे टेनिसच्या चेंडूएवढे गोळे, वर तळलेला कांदा. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मी संस्काराप्रमाणे एकच घेतला. तो संपल्यावर बिर्गिटकाकूंनी विचारलं, “आणखी घेणार?”

मी मान खाली घालून, किंचित लाजून म्हटलं, “नको, नको! थँक यू!”

“बरं,” त्या म्हणाल्या.

आणि भांडं उचललं. झाकण लावलं. फ्रीजमध्ये ठेवलं!

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. दहा मिनिटांनी योहान टेबल पुसायला आले, तेव्हा त्यांनी विनम्रपणे माझी कोपरं उचलायला सांगितली.

संध्याकाळचा प्रकार आणखी भयंकर. सहा वाजता टेबलावर पाव, चीज आणि गोड काकडीचं लोणचं मांडायचं आणि ज्याने त्याने आपलं आपण घ्यायचं. कुणी कुणाला विचारतच नाही! जिथे विचारतच नाहीत तिथे ‘नको’ तरी कुणाला म्हणणार? मी पावाचा एक तुकडा घ्यायची आणि तो पाऊण तास चावायची. बिर्गिटकाकू कौतुकाने म्हणायच्या, “रेवा किती सावकाश खाते!”

‘मला भूक लागली आहे’ हे वाक्य आमच्या जर्मनच्या दुसऱ्याच धड्यात होतं. मला ते पाठ होतं. पण जीभ उचलेना. घोषबाबूंच्या मागे रिक्षापर्यंत धावणाऱ्या माणसाची नात, आणि परक्या घरात मागून खाणार? छे!

आईने दिलेला चिवडा आणि बेसनाचे लाडू सहाव्या दिवशी संपले. रोज साडेतीनला, म्हणजे घरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी, फोन यायचा.

“जेवलीस का ग?”

“हो आजी! पोटभर!”

“काय होतं?”

मग योहाननी काय काय खाल्लं ते मी साग्रसंगीत सांगायची. “तू जेवलीस?”

“जेवले तर! दोन पोळ्या, भात, आमटी.” आवाज इतका खणखणीत की मला वाटायचं, जाऊ दे, मी उपाशी असले तर असले, म्हातारी तर जेवतेय. फोन ठेवला की मात्र तिच्या गळ्यावर ठेवलेला तो हात मला नकोसा व्हायचा. खोटी शपथ घेतली की काय होतं, हे आम्हां मुलांना आजीनेच सांगितलेलं होतं. मी रडायची आणि रडल्यावर भूक आणखी लागायची.

नवव्या दिवशी मला तळघराचा शोध लागला. तिथे फळ्यांवर बागेतली सफरचंदं हिवाळ्यासाठी एकेक करून निगुतीने मांडून ठेवलेली होती. शाळेतून आल्यावर कपडे धुवायला टाकायच्या निमित्ताने मी खाली उतरायची आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहून तीन-चार फस्त करायची. तळघरात गारठा असा की बाबांनी न्यू मार्केटातून आणलेली माकडटोपी घालावी लागे. (सोळा अंश तापमानालाही अख्खं कलकत्ता घालतं ती. माझी चॉकलेटी होती.)

आठवडाभराने योहान जेवताना गंभीरपणे म्हणाले, “तळघरात काहीतरी शिरलंय. सफरचंदं जातायत.”

मुंगसासारखा एक प्राणी तिकडे घराघरांत शिरतो म्हणे. मी फार आस्थेने विचारपूस केली. चावतो का? किती मोठा असतो? योहाननी सगळी माहिती दिली आणि दुसऱ्या दिवशी, मला न सांगता, फळीला जंगलात लावतात तसला कॅमेरा बांधला.

रविवारी दुपारी त्यांनी मला बैठकीत बोलावलं. टेबलावर कॉफी होती, सफरचंद घालून केलेला लांबलचक रोल होता आणि मोठा छापलेला एक फोटो होता. फोटोत चॉकलेटी माकडटोपीतला प्राणी होता. दोन्ही गाल फुगलेले, दोन्ही हातांत एकेक सफरचंद, डोळे कॅमेऱ्याच्या उजेडात हिरवे चमकणारे.

“रेवा,” बिर्गिटकाकूंनी शांतपणे विचारलं, “तुला भूक लागते का?”

माझ्या पुढ्यात पुरावा होता. तरी पहिल्यांदाच विचारलं होतं ना! तोंडातून गेलंच, “छे छे, मुळीच नाही!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बिर्गिटकाकू नर्स. त्यांना वाटलं, मुलीला काही आजार आहे, चारचौघांत जेवत नाही आणि चोरून खाते. त्या म्हणाल्या, “तुझ्या घरी कळवायलाच हवं. कदाचित तुला परत पाठवावं लागेल.” आणि मी “नको, नको!” म्हणेपर्यंत (ते मात्र अगदी मनापासूनचं होतं) व्हिडिओ कॉल लागलासुद्धा.

पडद्यावर आमचं बेहालाचं जेवणाचं टेबल उघडलं. बाबा, आई, आजी आणि मधोमध क्लारा. गालावर चांगलं गुटगुटीत बाळसं धरलेली! बिर्गिटकाकू जर्मनमध्ये बोलणार, क्लारा त्याचं इंग्रजी करणार आणि बाबा आजीसाठी मराठी, अशी व्यवस्था ठरली.

बिर्गिटकाकू बरंच गंभीर बोलल्या. क्लाराने सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. मग ते आजीला म्हणाले, “आई, त्या म्हणतायत, रेवाला तिकडची सफरचंदं फार आवडली.”

तेवढ्यात योहाननी मदत म्हणून फोटो कॅमेऱ्यासमोर धरला.

“अगंबाई! हे माकड कुठलं रे?” आजीने विचारलं.

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. पहिलं ‘नको’, झाकण, फ्रीज, लाडू, तळघर. “आजी, तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही ग! दुसऱ्यांदाही नाही!”

आजी ताडकन उभी राहिली. “अठरा दिवस? आणि रोज मला सांगत होतीस पोटभर जेवले म्हणून? माझ्या गळ्याची शपथ घेऊन?”

क्लाराने बाबांना आमच्या बोलण्याचा अर्थ विचारला नाही. तिला आजीबरोबर राहून तेवढं मराठी कळायला लागलं होतं. ती आपल्या सरळ, सपाट आवाजात, थोडं मराठी थोडं इंग्रजी करत म्हणाली, “पण आजीसुद्धा जेवत नाही.”

आई-बाबांनी वळून आजीकडे पाहिलं.

“आजीच्या ताटात एक पोळी असते. अर्धी ती मला देते. फोन आला की सांगते, दोन खाल्ल्या.” आजी पदराशी चाळा करायला लागली. क्लाराचं चालूच होतं. “इथे मी ‘नको’ म्हटलं की सगळे आणखी वाढतात. पहिल्या आठवड्यात मी आजारी पडले. मग मला समजलं, इथे ‘नको’ म्हणजे नको नसतं, तीनदा विचारायचं असतं. पण आजी ‘नको’ म्हणते तेव्हा सगळे लगेच डबा बंद करतात. मला वाटलं, आजीसाठी वेगळा नियम आहे.”

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं, म्हणून तर ते इतकं लागलं. बाबांनी चष्मा काढला. आईचा हात पोळ्यांच्या डब्यावर होता, तो तसाच राहिला. आणि मला आठवलं, आजोबा असताना आजी कधी स्वतःहून वाढून घ्यायचीच नाही. त्यांनी घोषबाबूंच्या पानात सहा वाढल्या, हे गाव सांगत होतं. सगळ्यांचं झाल्यावर ते आजीच्या पानात वाढायचे, ते आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

क्लाराने डबा ओढला, एक पोळी काढली, मधोमध फाडली. “आजी, अर्धी घे.”

“नको ग.”

“अर्धी घे.”

“अगं, भूक नाही, खरंच.”

तिसऱ्यांदा क्लाराने विचारलं नाही. अर्धी पोळी सरळ ताटात ठेवली आणि वर नोलेन गुळाचा, म्हणजे खजुरीच्या रसाच्या गुळाचा, खडा ठेवला. आजीने ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, “आमचे हे असंच करायचे. अर्धीच म्हणायचे, आणि मग उरलेली अर्धीही वाढायचे.” आणि डोळे पुसत, पडद्याकडे न बघता, तिने पहिला घास घेतला.

क्लाराने उरलेली अर्धीही वाढली.

इकडे बिर्गिटकाकूंना शब्द एकही कळला नव्हता, पण प्रकार कळला होता. त्यांनी त्या सफरचंदाच्या रोलचा जाडजूड तुकडा कापला. “रेवा, घेणार? घेणार? घेणार?” बोटांवर तीनदा मोजलं आणि माझ्या ताटलीत ठेवला. दोन खंडांवर एकाच वेळी दोन बायका रडत रडत खात होत्या, आणि योहान तो फोटो लोहचुंबकाने फ्रीजला लावत होते.

पुढचे दिवस मी राजासारखी जेवले. ऑस्ट्रियन माणसाला एकदा नियम सांगितला की तो मोडत नाही. “मीठ हवं? मीठ हवं? मीठ हवं?” बिर्गिटकाकू आंघोळीलासुद्धा तीनदा विचारायच्या! शेवटी माझी भीड चेपली आणि मी पहिल्या खेपेलाच “हो, दोन द्या” म्हणायला शिकले. परत आले ती चार किलो वाढवून. क्लाराचं आणि माझं विमान एकाच आठवड्यात निघालं. तिला निरोप देताना आजी विमानतळावर तिच्या मागे डबा घेऊन काचेच्या दारापर्यंत गेली म्हणे. शिपायाने अडवलं म्हणून, नाहीतर आतही गेली असती.

मी घरी आले त्या रात्री सगळे जेवायला बसलो. आजीच्या अंगावर मांस दिसत होतं, ब्लाउज उसवून पुन्हा सैल केले होते. मला भरून आलं. म्हटलं, आजपासून हे काम माझं. मी पोळ्यांचा डबा हातात घेतला आणि प्रेमाने विचारलं, “आजी, पोळी वाढू?”

“नको ग,” आजी म्हणाली.

“बरं,” मी म्हटलं, आणि झाकण लावलं.

टेबलावर सगळ्यांचे घास थांबले. आजीने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे वळली.

“काय रे,” ती म्हणाली, “ही अदलाबदल कायमची करून मिळत नाही का?”