दोन गरम गोळ्या

“हा माणूस आहे की तंदूर? ये आदमी है, डॉक्टर, तंदूर नहीं!”

नया नगरच्या दवाखान्यात उभी राहून काकी ओरडत होती. शपथेवर सांगतो, बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट त्या आवाजानेच बरे होऊन घरी गेले. तिसरा आधीच बहिरा होता, म्हणून राहिला.

कारण एवढंच, की टेबलापलीकडच्या तरण्या डॉक्टरीणबाईंनी काकांना एका वेळी दोन औषधं लिहून दिली होती. सकाळ-संध्याकाळ एक कॅप्सूल आणि पहाटे उपाशीपोटी एक लालभडक गोळी. दोन्ही दीड महिना. काकीच्या शास्त्रात एक गोळीसुद्धा ‘गरम पडते’. दोन म्हणजे नवरा आतून शिजणार आणि शिट्ट्या देणार.

“आंटी,” डॉक्टरीणबाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “एका औषधाने हा जंतू नुसता दबतो, मरत नाही. मागच्या वेळी तेच झालं ना?”

तेच झालं होतं. मी तेव्हा रत्नागिरीहून नोकरीसाठी येऊन मीरा रोडला काका-काकींच्या हॉलमध्ये पथारी टाकली होती, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत. काकांना रोज दिवेलागणीला ताप चढायचा. रात्री घाम असा, की गादी पिळून वाळत घालावी. सांधे धरलेले, कंबर वाकलेली. मलेरिया पाहून झाला, टायफॉइड पाहून झाला. एका डॉक्टरने नुसती कॅप्सूल दिली, ताप गेला, आणि महिन्याभरात मुक्कामाच्या पाहुण्यासारखा बॅगा घेऊन परत आला. ज्या काकांनी आमच्या चौथ्या मजल्यावरून हाक मारली की काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रक ब्रेक मारायचे, ते आता पाणी मागायलाही हाताने खूण करायचे. काकी दिवसभर सगळ्या बिल्डिंगशी भांडायची आणि संध्याकाळी सहापासून गप्प बसून त्यांचं कपाळ चाचपायची.

या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, “कच्चं दूध पिता?”

काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. पितात म्हणजे काय! काशीमीऱ्याच्या तबेल्यात रोज पहाटे म्हशीखाली लोटा धरून, फेसासकट, उभ्या उभ्या. एक म्हैस तर काका दिसल्याशिवाय पान्हाच सोडायची नाही. एकदा काका गावी गेले तर तिने आठवडाभर संप केला, असं तबेल्याचा भय्या सांगायचा. भय्या खोटं बोलत असेल, म्हैस नाही.

रक्त तपासलं, आणि निघाला जनावरांकडून येणारा जंतू. कच्च्या दुधातून आलेला. काका एवढे दुखावले, जणू त्या म्हशीनेच पाठीत सुरा खुपसला.

“आणि कॅप्सूल दुधाबरोबर घ्यायची नाही,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. “पाण्याबरोबरच.”

“पाण्याबरोबरच,” काकी म्हणाली. इतक्या शहाण्या मुलीसारखी म्हणाली, की मला तिथेच खटकलं.

लाल गोळीने तिसऱ्याच दिवशी रंग दाखवला. संडासातून काकांची किंकाळी आली, “अगं, केशरी! केशरी होतेय मला!” डॉक्टरीणबाईंनी हे आधी सांगून ठेवलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. घामाने बनियनही भगवं झालं. काकी दोरीवर ते वाळत घालताना म्हणाली, “संन्यास घ्यायचा तर आधी भांडी घासून जा.”

असे विनोद चालले होते, पण ताप काही हटत नव्हता. कमी व्हायचा, जातोय जातोय वाटायचं, की पुन्हा डोकं वर. पंधरवड्याने आम्ही पुन्हा नया नगरला गेलो. काका रिक्षातून उतरताना माझ्या खांद्यावर असे टेकले, की मला त्यांचं वजनच लागलं नाही. माझी मस्करी तिथे संपली.

डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून विचारत राहिल्या. गोळ्या चुकल्या? नाही. उलटी झाली? नाही. दुधाबरोबर घेतली?

“छे छे,” काका म्हणाले. “गोळी पाण्याबरोबर. मग लगेच ही पेलाभर दूध देते. उकळलेलं, सायीचं. त्याच्यावर तर तगलोय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही म्हणालात दुधाबरोबर नाही,” काकी म्हणाली. “मी नंतर दिलं. गरम पडू नये म्हणून.”

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की दूध पोटात त्या कॅप्सूलला धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊच देत नाही. म्हणजे लढायला औषधं दोन पाठवली, आणि त्यातलं एक दारातच अडवून ठेवलं. आता दीड महिना पुन्हा पहिल्यापासून.

काकी ओरडली नाही. त्या दवाखान्याच्या भिंतींनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल. रिक्षात सबंध रस्ताभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. घरी येताच दुधाची पिशवी खालच्या वॉचमनला देऊन टाकली, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही तिघे काळा चहा प्यायलो, जो चवीला मिठागरातल्या पाण्यासारखा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन तासांनी दूध चालेल असं सांगितलं होतं. काकी घड्याळावर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

आणि एका संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले, काकांचं कपाळ गारच. दुसऱ्या दिवशीही गार. आठवडाभर गार. काका गॅलरीत खुर्ची टाकून, भगव्या बनियनमध्ये, खालच्या रिक्षावाल्यांना पूर्वीच्या आवाजात शिव्या घालू लागले, तेव्हा काकी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. पुन्हा एकदा कपाळाला हात लावला.

“अहो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला पहिल्यांदाच कान देऊन ऐकावा लागला. “माझ्याच हाताने घालवलं असतं ना मी तुम्हाला? खरं सांगा. राग आलाय माझा?”

काका खाली रस्त्याकडेच बघत होते.

“त्या दुधात साखर जरा कमी असायची,” ते म्हणाले.